मेटल वाजवायचंय, पहिली गिटार कोणती घ्यावी? एका निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातली मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव देत नाही आणि एकदोन तपशीलही बदलले आहेत. शाळेत असल्यापासून ती हेवी मेटल ऐकत होती आणि तिचा कान चांगला तयार होता. थ्रॅश या मेटलच्या प्रकारातले सलग खालच्या दिशेने मारलेले घाव आणि डेथ मेटलमधलं वेगवान वर-खाली पिकिंग, म्हणजे पिकने तार छेडणं, यातला फरक तिला ऐकून कळायचा. हातात मात्र काहीच नव्हतं, कारण आधी कुठलंही वाद्य ती शिकलेली नव्हती.

घरी दादाची स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार होती. तिच्यावर काही आठवडे झटून तिने नाद सोडला होता. दादाचा समज असा, की बोटं दुखली म्हणून सोडलं. तिने मला पहिल्याच भेटीत वेगळं कारण सांगितलं. "ताई, दुखणं सहन केलं असतं. पण मी जे ऐकते त्यातलं काहीच त्या गिटारमधून निघत नव्हतं."

गिटारसाठी पैसे तिने स्वतः साठवले होते. रक्कम ठरलेली होती आणि ती संपली की पुढचं वर्षभर नवीन काही घेणं शक्य नव्हतं. राहायला मैत्रिणीबरोबर एकच खोली असल्यामुळे रात्रीचा सराव हेडफोन लावूनच करावा लागणार होता. हात लहान, बोटं आखूड. एवढ्या गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट होत्या, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयात त्यातली एखादी तरी उपयोगी पडली.

अडचण

तिच्यापुढे तीन सल्ले होते आणि तिन्ही एकमेकांना छेद देणारे.

दादा म्हणत होता, आधी वर्षभर अकूस्टिकवर बोटं घट्ट होऊ देत, मग इलेक्ट्रिक घे. बँडमध्ये वाजवणारा एक मित्र म्हणत होता, आजचं मेटल वाजवायचं तर थेट सात तारांचीच घे, नाहीतर वर्षभरात बदलावी लागेल. आणि तिचं स्वतःचं मन बसलं होतं एका काळ्या व्ही आकाराच्या गिटारवर. त्या गिटारला लॉक होणारा तरंगता ट्रेमोलो (दांड्याने सूर खाली-वर करायची सोय) होता आणि तारांचं कंपन विजेच्या रूपात उचलणारे, बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप होते. ती घेतली असती तर सगळी बचत तिथेच संपली असती. आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पला, केबलला, कशालाच काही उरलं नसतं.

तिघांनाही गिटार म्हणजे एकच वस्तू दिसत होती. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नसतं. मेटलमध्ये कानावर येणारा आवाज तारा, पिकअप, अ‍ॅम्प आणि वाजवणाऱ्याचा उजवा हात या सगळ्यांचा मिळून असतो. अ‍ॅम्पशिवायची महागडी व्ही गिटार खोलीत वाजवली तर डासाच्या गुणगुणीएवढा आवाज देते, आणि अशा आवाजावर नवशिक्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

पहिला निर्णयबिंदू: गाण्यांची यादी

दुकानात पाऊल टाकण्याआधी तिला एक काम सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत ज्या वाजवता आल्या तर मनापासून आनंद होईल अशा दहा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, लिहून काढायच्या आणि प्रत्येकीपुढे गिटार कुठल्या सुरांत लावलेली आहे ते लिहायचं. ही माहिती टॅबच्या, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिखाणाच्या, माथ्यावर बहुतेक वेळा दिलेलीच असते.

कागद समोर आला तेव्हा चार रिफ साध्या ई ट्यूनिंगमध्ये होत्या, म्हणजे सगळ्यात जाड, सहावी तार ई सुरावर. दोन अर्धा सूर खाली, दोन ड्रॉप डीमध्ये, म्हणजे फक्त सहावी तार ईवरून डीवर उतरवलेली. एक सगळ्या तारा चार अर्धसूर उतरवून सहावी सीवर आणलेली आणि एक सात तारांची. मित्राच्या आग्रहाला या कागदानेच उत्तर दिलं. दहातल्या एका रिफसाठी रुंद मान आणि एक जादा तार रोज सांभाळायची का, हा प्रश्न तिनेच विचारला आणि "नको" हे उत्तरही तिनेच दिलं.

सात तारांच्या गिटारवर माझा राग नाही. पण डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलमधला तो फाटका, खरखरीत आवाज, लावल्यावर जी तार वाजवत नाही तीही कुजबुजायला लागते, आणि ती दाबून गप्प ठेवणं हे मेटल शिकणाऱ्याचं पहिलं मोठं काम असतं. सहा तारा गप्प करायला शिकत असताना सातवी, तीही सगळ्यात जाड आणि सगळ्यात जास्त घुमणारी, वाट अवघडच करते.

पहिली गिटार निवडताना मी सगळ्यात जास्त भरवसा या यादीवर ठेवते. ब्रँड, लाकूड, रंग यांवर तासन् तास चर्चा होते, आणि काय वाजवायचं आहे हा प्रश्न मागेच राहतो.

दुसरा निर्णयबिंदू: अकूस्टिक आधी की थेट इलेक्ट्रिक

दादाच्या म्हणण्यात तथ्य होतं. अकूस्टिकवर शिकलेल्याची डाव्या हाताची पकड मजबूत होते आणि वीज, केबल, अ‍ॅम्प यांची भानगड नसते. पण अकूस्टिकवर साधारणपणे बारा ते त्रेपन्न जाडीच्या, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंचाच्या तारा असतात. इलेक्ट्रिकवर नऊ ते बेचाळीस किंवा दहा ते सेहेचाळीसचा संच पुरतो. शिवाय तिसरी तार इलेक्ट्रिकवर साधी असते, अकूस्टिकवर गुंडाळलेली, त्यामुळे ती वाकवून सूर चढवणं अकूस्टिकवर जड जातं. मेटलमधली पाम म्यूटिंग (तळव्याने तारा अर्धवट दाबून वाजवणं), लांब टिकणारा सूर आणि तार वाकवणं या गोष्टी अकूस्टिकवर शिकता आल्या तरी ऐकायला मिळत नाहीत, आणि कानाला उत्तर मिळालं नाही तर हाताला चूक कळत नाही.

बोटं आधी कणखर हवीत, या मताला मेटलच्या इतिहासातच उत्तर आहे. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटार खालच्या सुरांत उतरवून तारांचा ताण कमी केला. हेवी मेटलचा जड, काळोखा आवाज घडण्यात या तडजोडीचा मोठा वाटा आहे. हे ऐकून दादा म्हणाला, "मग हिला इलेक्ट्रिकच घेऊया, पण चांगली लावून घेऊया." तिथे तो प्रश्न मिटला.

तिसरा निर्णयबिंदू: ब्रिज

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा. बहुतेक नवशिके पिकअप बघतात, ब्रिजकडे, म्हणजे गिटारच्या शरीरावर तारा जिथे टेकतात त्या भागाकडे, लक्ष देत नाहीत.

दुकानात तिने आवडलेली व्ही गिटार मांडीवर घेतली. मी म्हटलं, "आता हिच्यावर तुझ्या यादीतली ड्रॉप डीची रिफ वाजवायची आहे. सहावी तार डीवर आण." दुकानदाराने अ‍ॅलन किल्ली दिली. नटवरची (खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांत बसतात त्या तुकड्यावरची) पट्टी सैल केल्याशिवाय खुंटी फिरवून उपयोग नव्हता. ती सैल करून तिने सहावी तार डीवर आणली आणि मग बाकीच्या पाच छेडल्या. पाचही चढलेल्या. त्या पुन्हा उतरवायला घेतल्या तर सहावी हलली. ट्यूनरकडे बघत ती या चक्रात बराच वेळ अडकली.

कारण सोपं आहे. तरंगत्या ब्रिजवर एका बाजूने तारा ओढतात आणि दुसऱ्या बाजूने गिटारच्या पोटातल्या स्प्रिंग ओढतात. दोन्ही ताण सारखे असतील तोवर ब्रिज मध्ये उभा राहतो. एक तार सैल केली की स्प्रिंग वरचढ होतात, ब्रिज मागे खेचला जातो आणि उरलेल्या तारा ताणल्या जाऊन वर चढतात. एखादी तार तुटली तरी हेच होतं, आणि संपूर्ण गिटार बेसूर होते.

दुसरी गोष्ट तिच्या स्वतःच्या हाताने दाखवून दिली. पाम म्यूट करताना उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकवावी लागते. नवशिक्याचा तळवा जड पडतो. तरंगत्या ब्रिजवर त्या भाराने सूर हलतो. ती रिफ वाजवत होती आणि प्रत्येक म्यूट केलेला सूर किंचित वर जात होता.

फ्लॉइड रोझ या गिटारवादकाच्या ज्या यंत्रणेवर हा ब्रिज बेतलेला आहे तिचं पेटंट १९७९ सालचं. सूर पार खोल बुडवून परत जागच्या जागी आणण्यासाठी तिच्याइतकी चांगली दुसरी सोय क्वचितच सापडेल. आठवड्यातून चार वेळा ट्यूनिंग बदलणाऱ्या नवशिक्याला मात्र ती शिक्षा वाटते. तिच्या दहापैकी एकाच रिफमध्ये ट्रेमोलोचा दांडा लागत होता. गिटारच्या शरीराला पक्का जोडलेला ब्रिज घ्यायचा, हे तिने तिथेच ठरवलं. तिचा चेहरा उतरला होता हेही सांगायला हवं.

आकार, पिकअप आणि तारांची लांबी

व्ही आकार सोडताना तिला जास्त वाईट वाटलं. १९५८ साली गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीने हा आकार आणला तेव्हा तो फारसा खपला नाही; मेटलवाल्यांनी त्याला पुढे डोक्यावर घेतलं. बसून वाजवताना तो मांडीवरून घसरतो. दोन पायांच्या मध्ये धरून, क्लासिकल गिटारवाले बसतात तसं बसलं तर चांगला बसतो, आणि तिने तसं बसून पाहिलंही. तिचा सगळा सराव खाटेच्या कडेवर बसून होणार होता. शेवटी तिने टोकदार शिंगांची, काळी, पातळ मानेची सुपरस्ट्रॅट घराण्यातली, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरसारख्या आकाराची पण जोरदार संगीतासाठी बदललेली, गिटार निवडली. दिसण्याला मी गौण मानत नाही. कोपऱ्यात उभी असलेली गिटार बघून हात शिवशिवले पाहिजेत, नाहीतर ती म्यानातच राहते.

पिकअपचा निर्णय पटकन झाला. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) वाढवला की सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे, पिकअप वीजवाहिन्यांची गुणगुण उचलून मोठी करतात. हंबकरमध्ये उलट्या जोडलेल्या दोन गुंडाळ्या ती गुणगुण एकमेकींत मारून टाकतात. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी त्याचं पेटंट १९५५ मध्ये मागितलं होतं. ब्रिजजवळ हंबकर हवाच, एवढी एकच अट ठेवली. यामाहाची पॅसिफिका ११२, इबानेझची जीआयओ मालिका, जॅक्सनची जेएस मालिका अशा गिटारींत ती पुरी होते. अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा नाद तिने स्वतःच सोडला. त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल खोचून ठेवली तर वाजवत नसतानाही ती उतरत राहते. शिकण्याच्या पहिल्या वर्षात लागणारं डिस्टॉर्शन तसंही अ‍ॅम्पमधून येतं.

तारांच्या लांबीवर, म्हणजे नट ते ब्रिज या अंतरावर, मात्र थोडी चर्चा झाली. हात लहान म्हणून पावणेपंचवीस इंची, म्हणजे सुमारे ६२८ मिलिमीटरची गिटार सोपी गेली असती. पण सूर खाली उतरवले की आखूड लांबीवर तारा लवकर लोंबतात. साडेपंचवीस इंची, ६४८ मिलिमीटरवर त्याच तारांचा ताण जास्त राहतो. पातळ मान हाताला ठीक बसतेय हे बघून तिने लांब घेतली. लहान हाताची अडचण बहुधा अंगठा मानेवरून वर काढून धरल्याने होते. अंगठा मानेच्या मागे मधोमध आला की बोटं पोचतात, आणि तिचीही पोचली.

केलेली कृती

गिटार निवडताना आधी अ‍ॅम्प न जोडता वाजवली. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या प्रत्येक आडव्या पट्टीपाशी, दाबून पाहिली, कुठे खरखरते का, कुठे सूर मरतो का. मानेच्या कडेने बोट फिरवून फ्रेटची टोकं बोचतात का पाहिलं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथेच हलकं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक एकच येतो का, हे ट्यूनरवर पाहिलं. एकाच मॉडेलच्या दोन गिटार होत्या आणि त्यातल्या एकीची टोकं बोचत होती, दुसरी घेतली.

खर्चाची वाटणी आधीच ठरवली होती. साधारण दोन तृतीयांश गिटारला, उरलेल्यात आवाजाची सोय, केबल, पट्टा, पिक आणि ट्यूनर. आवाजासाठी दोन मार्ग होते. एक, हेडफोनची सोय असलेला आणि वेगवेगळ्या आवाजांची नक्कल करणारा छोटा मॉडेलिंग अ‍ॅम्प. दुसरा, गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि त्यावर अ‍ॅम्पची नक्कल करणारं फुकट सॉफ्टवेअर. लॅपटॉप होताच. इंटरफेस स्वस्त पडत होता आणि आवाजाची विविधता जास्त. तिने इंटरफेस घेतला.

काय घडलं

पहिल्या महिन्यात सराव अपेक्षेपेक्षा कमी झाला. लॅपटॉप सुरू करायचा, सॉफ्टवेअर उघडायचं, आवाज उशिरा येतोय म्हणून बफर (सॉफ्टवेअर आवाज साठवून ठेवतं तो भाग) कमी करायचा, मग कडकड येते म्हणून परत वाढवायचा, आणि तोवर मेसेज येऊन पडलेले. कॉलेजातून दमून आलेल्या माणसाकडे त्यासाठी उमेद नसते. गिटार हातात घेणं आणि पहिला सूर ऐकू येणं यात जेवढं अंतर, तेवढा सराव कमी होतो. महिन्याअखेर तिने मित्राच्या ओळखीने एक जुना छोटा मॉडेलिंग अ‍ॅम्प घेतला. एक बटण दाबलं की आवाज. त्या आठवड्यापासून ती रोज वाजवू लागली.

अ‍ॅम्पवर तिने गेन पूर्ण, बेस पूर्ण आणि मिड (मधले सूर) शून्यावर ठेवले होते. रेकॉर्डवर आवाज प्रचंड वाटतो, म्हणून सगळेच नवशिके असं करतात. प्रत्यक्षात रेकॉर्डवर तीच रिफ अनेकदा दोन किंवा अधिक वेळा वाजवून डावीकडे उजवीकडे पसरलेली असते आणि खालचा भार बास गिटार व बास ड्रम उचलतात. तिला गेन निम्म्यावर आणायला आणि मिड वर घ्यायला सांगितलं. पहिल्यांदा तिला आवाज केविलवाणा वाटला. पण आता उजव्या हाताचा प्रत्येक घाव वेगळा ऐकू यायला लागला, म्हणजे चुकाही ऐकू यायला लागल्या, आणि त्या आठवड्यांत तिची पाम म्यूटिंग जेवढी सुधारली तेवढी पुढेही कधी एवढ्या कमी दिवसांत सुधारली नाही.

खरी गडबड तिसऱ्या महिन्यात झाली. सीमधली ती एक रिफ तिला खुणावत होती. नऊ-बेचाळीसच्या तारा सीवर उतरवल्या तर रबरासारख्या लोंबल्या. जोरात घाव घातला की सहावी तार आधी वर चढायची आणि मग सुरावर यायची. त्यावर उपाय म्हणून तिने कुणाला न विचारता बारा-साठचा जाड संच आणून लावला. आता ताण ठीक झाला, पण नटच्या खाचा बेचाळीसच्या तारेसाठी कापलेल्या. साठची तार खाचेत बसलीच नाही, वर तरंगत राहिली. पहिल्या फ्रेटवर दाबायला दुप्पट जोर लागे आणि दाबलेला सूर चढा येई. खुंटी फिरवली की तार खाचेत अडकायची आणि मग एकदम "टिंग" करून सुटायची, सूर भलतीकडेच. तिला वाटलं गिटार खराब झाली.

मी गिटार हातात घेतली तेव्हा खुणा स्पष्ट होत्या. दोन मार्ग होते. नट मोठा कापून घ्यायचा आणि ही गिटार कायमची सीसाठी ठेवायची, किंवा परत साध्या जाडीवर यायचं. यादी पुन्हा समोर ठेवली. आठ रिफ ईच्या आसपासच्या होत्या. तिने दहा-सेहेचाळीसचा संच लावला. खाचा किंचितच घासाव्या लागल्या. त्याच वेळी कारागिराकडून पूर्ण सेटअप, म्हणजे गिटारची बारीक जुळवणी, करून घेतला. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची तीन मिलिमीटरच्या आसपास होती, ती दोनवर आली. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई, थोडासा आवळला. मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं, जुळवलं. परत मिळालेली गिटार वाजवून ती म्हणाली, "ही माझीच आहे ना?"

सीच्या रिफचाही प्रश्न सुटला. मूळ ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये चार अर्धसूर वर चढवलं की ते ईवर येतं. त्याच्याबरोबर साध्या ट्यूनिंगमध्ये तीच बोटं, तोच घाव. गायकाचा आवाज विचित्र होतो, एवढी किंमत चालून गेली. आधी अडगळ झालेला इंटरफेस या कामाला आला.

वर्षाच्या शेवटी यादीतल्या सहा रिफ ती मूळ वेगात वाजवत होती, दोन थोड्या संथ. वेगवान पिकिंगची एक अजून हाताला येत नव्हती आणि सात तारांची एक तिने तशीच ठेवली होती. मित्राच्या बँडबरोबर ती एकदा दुसऱ्या गिटारवादकाच्या जागी वाजवून आली.

काय वेगळं करता आलं असतं

सेटअपचा खर्च गिटारच्या किमतीतच धरायला हवा होता. पहिले तीन महिने तिने गरजेपेक्षा एक मिलिमीटर उंच तारांशी झुंज दिली, आणि त्या काळात बोटांना झालेला त्रास दादाच्या अकूस्टिकच्या त्रासापेक्षा फार वेगळा नव्हता. पहिल्या गिटारला सेटअप हवाच असं माझं ठाम मत आहे, मग गिटार कितीही स्वस्त असो.

अ‍ॅम्पचा निर्णय शेवटी उरलेल्या पैशांतून झाला. तो गिटारबरोबर, तिच्या दिवसाचं वेळापत्रक समोर ठेवून झाला असता तर पहिला महिना वाया गेला नसता. ज्याला लॅपटॉपपुढे बसून ध्वनिमुद्रण करायची हौस आहे त्याला इंटरफेसच योग्य. तिला ती हौस तेव्हा नव्हती.

सेकंडहँड गिटारचा विचार आम्ही फार लवकर बाजूला सारला. बरोबर फ्रेट आणि मान तपासू शकणारं कुणी असेल तर त्याच पैशांत एक पायरी वरची गिटार मिळू शकते. ट्रस रॉड फिरतो का, फ्रेट झिजून खळगे पडलेत का, जॅक हलवला की आवाज तुटतो का, हे बघता आलं तर धोका फार उरत नाही.

तारांची जाडी आणि ट्यूनिंग ही जोडी आहे, हे तिला पहिल्याच दिवशी दाखवलेलं बरं असतं. पहिले सहा महिने एकच ट्यूनिंग, फार तर ड्रॉप डी, असं ठरवून ठेवलं असतं तर तिसऱ्या महिन्यातली धावपळ टळली असती. उलट बाजूही आहे. जिच्या यादीत आठ रिफ सीच्या असतील तिने सुरुवातीपासून जाड तारा आणि त्यांना बसणारा नट करूनच गिटार घरी आणावी.

व्ही गिटार आता तिच्या डोक्यात परत आली आहे. या वेळी पक्क्या ब्रिजची, दहा-बावन्नच्या तारांवर डी ट्यूनिंगसाठी लावून घेतलेली, आणि पैसे साठवताना सेटअपचा खर्च तिने वेगळा काढून ठेवला आहे. मी तिला नवी यादी आणायला सांगितलं आहे. त्यातल्या तीन रिफ अजून ठरायच्या आहेत.